डायँथसला थंडी चालते, ओल चालत नाही

द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी उरकत आली की नाशिकच्या नर्सऱ्यांत डायँथसचे ट्रे मांडले जातात, आणि महिन्याभरात आमच्या सदराकडे त्यांच्या तक्रारी यायला लागतात. कार्नेशन, डायँथस, स्वीट विल्यम ही सगळी एकाच घराण्यातली भावंडं, म्हणून त्यांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रांचं दुखणं एकच आहे आणि ते पहिल्याच उत्तरात आलंय. बाकीचे प्रश्न वेगळे असले तरी ते पहिलं उत्तर सगळ्यांनी वाचा, ही विनंती.

ताई, डिसेंबरात नर्सरीतून फुलांनी भरलेलं डायँथस आणलं. बाल्कनीत मोठ्या कुंडीत लावलं, रोज न चुकता पाणी घातलं. थोड्याच दिवसांत खालची पानं पिवळी पडली आणि झाडानं मान टाकली. यंदा थंडी फार होती, ती बाधली असेल का? – एक वाचक, इंदिरानगर

थंडी नाही बाधली. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो त्या दिवसांतही हे झाड मजेत असतं. कार्नेशन मूळचं भूमध्य समुद्राकाठचं, बागेतलं साधं डायँथस उत्तर चीन-मंगोलियाकडचं. खडकाळ, निचऱ्याच्या, पाणी न थांबणाऱ्या जमिनीत वाढलेली ही जात. पानं नीट बघा: अरुंद, किंचित निळसर राखाडी, वरून मेणाचा हात फिरवल्यासारखी. पाणी जपून वापरणाऱ्या झाडाची पानं अशी असतात. तुमचं झाड रोजच्या पाण्यानं गेलं.

खात्री करायची असेल तर झाड उपटून, जिथे खोड मातीत शिरतं तिथे बोटांनी हलकंच दाबा. खोड मऊ लागलं, तपकिरी साल सोलून हातात आली, की मूळकूज आहे असं समजा. नर्सरीतलं रोप कोकोपीटच्या छोट्याशा गोळ्यात असतं. आपण तो गोळा तसाच काळ्या मातीत ठेवतो आणि पाणी घालतो. वरची माती सुकलेली दिसते, आपण पुन्हा घालतो. आत कोकोपीट स्पंजसारखं ओलं राहतं, भोवतीची चिकण माती ते पाणी जाऊ देत नाही, आणि मुळांना हवा मिळत नाही.

आता पुन्हा लावताना असं करा. मातीची कुंडी घ्या, सहा ते आठ इंचांची पुरे. लहान रोपाला मोठी कुंडी म्हणजे न सुकणारी ओल. एक भाग माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाडी वाळू किंवा चाळलेला मुरूम. त्यात मूठभर निंबोळी पेंड. रोपाचा गोळा मातीच्या पातळीपेक्षा अर्धा इंच वर राहू द्या, खोडाला माती चढवू नका. खोडाशी पालापाचोळ्याचं आच्छादनही नको, त्याऐवजी बारीक खडी पसरा. कुंडीखालची ताटली काढून टाका. पाणी द्यायच्या आधी बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत दोन-तीन दिवसांआड पाणी पुष्कळ होतं. द्यायचं ते सकाळी, मुळाशी, पानांवर न उडवता.

बऱ्याच पुस्तकांत या झाडांना चुना घालायला सांगतात. ते आंबट मातीच्या देशांसाठी ठीक आहे. आपली काळी माती मुळातच चुनखडीची, तिला आणखी चुना घातला तर झाडाला लोह मिळणं अवघड होतं. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर कारण ते असतं. खालची पानं पिवळी पडणं ही वेगळी गोष्ट, तिथे आधी पाण्याचा संशय घ्या.

आणखी एक शक्यता सांगून ठेवते, कारण ती घरातल्या बाकी कुंड्यांशी निगडित आहे. झाडाची एकच बाजू आधी सुकली, खोड कापल्यावर आत तपकिरी रेघा दिसल्या, तर तो मर रोग, फ्युझेरियम बुरशीचा. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते. ते झाड आणि ती माती दोन्ही फेकायची. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकायची नाही आणि त्या मातीत पुन्हा कार्नेशन-डायँथस लावायचं नाही.

बियांपासून करायचं असेल तर कधी पेरू? – देवळाली कॅम्प

गणपती उठल्यापासून दसऱ्यापर्यंत. पाऊस ओसरलेला हवा, पण थंडीच्या आधी रोप हाताशी यायला हवं. पेरल्यापासून फुलाला साधारण तीन महिने लागतात, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास पेरलेलं जानेवारीत फुलतं आणि पूर्ण थंडी त्याच्या वाट्याला येते. डिसेंबरात पेरलंत तर कळ्या येतात तोवर मार्चचं ऊन डोक्यावर येतं.

बी काळं, चपटं, बारीक असतं. झाकायला वरून चाळलेली माती भुरभुरली तरी पुरते. आठ-दहा दिवसांत उगवतं. ऑक्टोबरचा चटका असतो म्हणून ट्रे फक्त सकाळचं ऊन मिळेल असा ठेवा आणि पाणी फवाऱ्यानं द्या. झारीनं दिलं की बी एका कोपऱ्यात गोळा होतं. दिवाळीच्या आसपास रोपं कुंडीत हलवा.

रोपाला पानांच्या पाच-सहा जोड्या आल्या की शेंडा खुडायचा. घरी द्राक्षबाग असलेल्यांना शेंडा मारणं शिकवायला नको, इतरांना मात्र हे करायला जीव होत नाही. करा. खालून चार-पाच फुटवे येतात आणि एका फुलाऐवजी झुपका मिळतो.

फुलांच्या दुकानात मिळतं तसं लांब दांड्याचं कार्नेशन सातपूरला गच्चीवर येईल का?

झाड येईल, दुकानातल्यासारखा दांडा येणं कठीण. दिंडोरीकडच्या पॉलिहाऊसमध्ये एखाद्याची ओळख असेल तर एकदा आत जाऊन बघा. गादीवाफ्यावर झाडं दाटीनं लावलेली असतात आणि चौकोनी जाळ्या एकावर एक ताणलेल्या असतात, प्रत्येक दांडा जाळीच्या घरातून सरळ वर जातो. ठिबकनं मोजकं पाणी आणि विद्राव्य खत. ऊन, वारा, पाऊस सगळं आवरलेलं. गच्चीवरचा वारा हेच दांडे आडवे करतो. म्हणून गच्चीसाठी कुंडीतल्या बुटक्या जातीचं कार्नेशन मागा, किंवा उंच जातीच हव्या असतील तर कुंडीत चार काड्या रोवून सुतळीची दोन कडी बांधा.

मोठं फूल हवं असेल तर कळ्यांची विरळणी शिका. दांड्याच्या टोकाला एक कळी असते आणि खाली पानांच्या बगलेत छोट्या कळ्या. त्या वाटाण्याएवढ्या झाल्या की अंगठा आणि बोटात धरून बाजूला वाकवायच्या, टचकन सुटतात. खाली ओढायच्या नाहीत, पान फाटून येतं. फार लहान असताना काढायला गेलात तर नखानं दांडा दुखावतो, उशीर केलात तर त्यांनी अन्न खाऊन टाकलेलं असतं. झुपक्याची जात असेल तर नेमकं उलटं: टोकाची कळी काढा, बगलेतल्या ठेवा, म्हणजे सगळी फुलं एका वेळी उमलतात.

कळी उमलताना खालचं हिरवं कोष एका बाजूनं फाटतं आणि पाकळ्या लोंबतात. कीड आहे का? – मखमलाबाद

कीड नाही. यालाच उत्पादक कळी फुटणं म्हणतात आणि त्यांचाही यात बराच तोटा होतो. दिवसा उबदार आणि रात्री कडक थंडी असा फरक पडला की पाकळ्या जास्त भरतात आणि कोषाला त्या सामावत नाहीत. मखमलाबादकडे मळ्यांच्या मोकळ्यावर जानेवारीत हेच होतं. कळ्या भरत असतील तेव्हा कुंडी रात्री भिंतीच्या आडोशाला घ्या. दुसरं कारण नत्र. कळी दिसू लागली की युरिया किंवा ओलं शेणखत बंद, त्याऐवजी पालाश जास्त असलेलं खत द्या. बोरॉनची कमतरता असली तरी कोष फाटतो, पण घरच्या कुंडीत ते मोजून देणं अवघड आणि जास्त झालं तर विषारी. चांगलं गांडूळखत घालत राहणं हाच मार्ग मी सांगेन. ज्यांना दरवर्षी हाच त्रास होतो त्यांनी भरगच्च पाकळ्यांची जात सोडून एकेरी किंवा कमी पाकळ्यांची घ्यावी. एकेरी डायँथसची झालरीची कड आणि मधलं गडद कडं मला तरी भरगच्च कार्नेशनपेक्षा जास्त देखणं वाटतं.

फुलबाजारातून कार्नेशन आणते. कुणाकडे आठवडाभर टिकतात, माझ्याकडे दोन दिवसांत पाकळ्या आत वळून मिटतात. पाणी रोज बदलते. – पंचवटी

तुमची फुलदाणी कुठे ठेवता ते कळवलं नाहीत, पण जेवणाच्या टेबलावर फळांच्या टोपलीशेजारी असावी असा माझा अंदाज आहे. पिकणारी केळी, चिकू, पेरू, पपई, सफरचंद इथिलीन नावाचा वायू सोडतात, आणि कार्नेशन या वायूला फार हळवं असतं. इतकं की इथिलीनचा फुलांवरचा परिणाम अभ्यासताना शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं हेच फूल वापरलं. पाकळ्या आत वळणं ही त्याची खूण आहे. नुसतं पाणी कमी पडलं असतं तर दांडा आणि मान आधी वाकली असती. फुलदाणी दुसऱ्या खोलीत न्या. द्राक्षं शेजारी असली तर चालेल, ती इथिलीन नगण्य सोडतात. फ्रीजमध्ये फळांसोबत फुलं ठेवणं तर टाळाच. दांडा तिरपा कापा, पण गाठीवर नाही, दोन गाठींच्या मध्ये. गाठीतून पाणी नीट चढत नाही. पाण्यात बुडणारी पानं काढा.

मागच्या वर्षी गडद लाल डायँथसचं बी जपून ठेवलं. यंदा गुलाबी, पांढरी, चट्ट्यापट्ट्यांची निघाली. बी बदललं गेलं का? – नाशिकरोड

बी तुमचंच आहे. फुलपाखरं आणि मधमाश्या एका कुंडीवरून दुसरीवर जातात, आणि या घराण्यात आपापसात संकर सहज होतो. लंडनचा माळी थॉमस फेअरचाईल्ड यानं कार्नेशन आणि स्वीट विल्यमचा संकर मुद्दाम घडवला, तो 1717 च्या सुमारास. माणसानं जाणूनबुजून केलेल्या वनस्पती-संकराचं हे सुरुवातीचं उदाहरण समजतात. त्याच्या झाडाला बी धरलं नाही, तुमच्या डायँथसना मात्र धरतं. शिवाय पाकिटावर संकरित लिहिलं असेल तर पुढची पिढी सारखी निघणारच नाही. तोच लाल रंग हवा असेल तर बी नको, छाट कलम करा. पण एका वाफ्यात ही सरमिसळ मुद्दाम होऊ देऊन बघा, वाचकहो. आपल्या बागेत जन्मलेलं फूल दुसऱ्या कुणाकडे नसतं.

निळं कार्नेशन मिळेल का? मुलीला हवंय. – गंगापूर रोड

कार्नेशनमध्ये निळ्या छटेचं रंगद्रव्यच नसतं. ऑस्ट्रेलियातल्या एका कंपनीनं पेट्यूनियाचा जनुक घालून जांभळट कार्नेशन केलं आणि 1996 मध्ये बाजारात आणलं. बाजारात दिसणारं गडद निळं बहुतेक वेळा रंग प्यायलेलं पांढरं फूल असतं. ते घरीच करा: पांढरं फूल, ग्लासभर पाणी, खायचा निळा रंग. मुलीला पाकळीच्या कडेपासून रंग चढताना दिसेल, आणि तो दांड्यातून वर कसा आला हे ती विचारेलच.

स्वीट विल्यम लावलं. पानं भरपूर, फूल एकही नाही. – एक वाचक, सिडको

त्याची जुनी जात दोन हंगामांची. पहिल्या वर्षी पानं, मग थंडी अंगावर घेऊन पुढच्या वर्षी फुलं. आपला उन्हाळा मधे आला की ते तिथवर पोचतच नाही. बी घेताना पाकिटावर पहिल्याच वर्षी फुलणारी जात बघून घ्या.

उन्हाळ्यात ही झाडं जगवता येतात का? – आडगाव

साधं डायँथस हंगामी समजा. पहिला बहर ओसरला की एक तृतीयांश छाटा, हलकं खत द्या, मार्चमध्ये दुसरा बहर मिळतो. याच दिवसांत पानांखाली बारीक जाळी आणि लाल कोळी दिसतो, पाकळ्यांवर पांढरट चरे असतील तर फुलकिडे. लिटरला पाच मिली निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालच्या बाजूनंही.

कार्नेशन मात्र जगवण्यासारखं असतं. उन्हाळाभर पूर्वेच्या भिंतीशी, दुपारच्या उन्हापासून दूर, हिरव्या जाळीखाली ठेवा. पाणी वाढवा, पण निचऱ्याचा नियम तोच. तरीही आईझाडाच्या भरवशावर राहू नका. फेब्रुवारीत फूल न आलेले बाजूचे फुटवे, बोटभर लांबीचे, गाठीखाली कापा, खालची पानं काढा आणि ओलसर वाळू-कोकोपीटमध्ये सावलीत रोवा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. पावसाळ्यात या कुंड्या पत्र्याखाली हलवायला विसरू नका, कारण आडगावच्या मेच्या उन्हातून वाचलेली रोपं जुलैच्या झडीत जातात.