बर्फात रुंद टायर कामाचे नाहीत

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त म्युनिकला असतो. त्याने नुकतीच एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली आहे. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळणाऱ्या या गाडीला चारही बाजूंना 255/35 आर 19 मापाचे (255 मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या 35 टक्के, 19 इंची रिमचे) उन्हाळी टायर आहेत. हिवाळ्यासाठी मागचे दोनच टायर त्याच मापाचे घेऊन बदलले तरी भागेल, असे तो म्हणतो. हे योग्य आहे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : दोन टायरांचा बेत चिरंजीवांनी सोडून द्यावा. मागच्या चाकांना पकड मिळाली की गाडी जागची हलेल, हे खरे; परंतु वळवण्याचे आणि ब्रेक लावताना गाडी थोपवण्याचे मुख्य काम पुढची चाके करतात, आणि ती उन्हाळी टायरांवर राहिली तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जात राहील. उन्हाळी टायरचे रबर साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते, म्हणजे बर्फ पडण्याआधीच पकड कमी झालेली असते.

मापाचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. रुंद टायरवर गाडीचे वजन पसरते आणि तो ताज्या बर्फावर तरंगू पाहतो. अरुंद टायर बर्फ कापत खाली बसतो. आपल्याकडे पावसाळ्यात रस्त्यावर साचलेल्या पाण्यातही रुंद टायर लवकर पकड सोडतो, त्यामागचे कारण बरेचसे हेच आहे. म्हणून 17 इंची रिमवर 225/50 मापाचा टायर पाहावा. त्याचा व्यास सुमारे 657 मिलिमीटर भरतो, तर सध्याच्या टायरचा 661 आहे, त्यामुळे स्पीडोमीटरच्या आकड्यात नगण्य फरक पडेल. शिवाय उंच बाजूमुळे बर्फाखाली दडलेल्या खड्ड्यांत रिम वाचते. मात्र हे माप गाडीच्या कागदपत्रांत मान्य असावे आणि लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला (ब्रेकची चकती दाबून धरणाऱ्या भागाला) घासू नये, याची खात्री गॅरेजमध्ये आधी करून घ्यावी. ऐट थोडी कमी होईल, पण हिवाळ्यात ती पाहायला रस्त्यावर थांबतो कोण!

टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचे चिन्ह असलेच पाहिजे. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत आणि ऑक्टोबर 2024 पासून केवळ ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) अक्षरे असलेले टायर त्यासाठी चालत नाहीत. नक्षीची खोली कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर लागते, तरी बर्फात 4 मिलिमीटरच्या खाली गेलेल्या टायरवर विसंबू नये. जुने टायर स्वस्तात मिळत असतील, तर बाजूवरचे, टायर कधी बनला हे सांगणारे चार आकडे वाचावेत. ‘3622’ याचा अर्थ 2022 सालचा 36वा आठवडा.

तापमान 10 अंशांनी उतरले की टायरमधील हवेचा दाब साधारण 0.1 बारने घटतो, त्यामुळे थंडी वाढेल तसा तो गाडी चालवण्यापूर्वी, टायर गार असतानाच तपासावा.