रक्त किती, यापेक्षा मरण किती जवळून

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा, मुलगी बारा वर्षांची. ‘छावा’ घरी बघायचा दोघांचा हट्ट चाललाय. सासूबाई म्हणतात, आपल्याच राजांचा इतिहास, त्यात मुलांना कसली आडकाठी? तिकीटखिडकीवरही लहान मुलांना कोणी अडवत नव्हतं म्हणे.
– एक आई, सातारा

उत्तर : सात वर्षांच्या मुलाला नको. मुलीला दाखवायचाच असेल तर तुम्ही आधी पाहून घ्या आणि तिला शेवटचा भाग वगळून दाखवा.

या चित्रपटाला सेन्सॉर बोर्डाने ‘यूए १६+’ प्रमाणपत्र दिलं आहे. पूर्वी ‘यूए’ एकच होतं. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर त्याचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन टप्पे झाले. घोळ होतो तो दारावर. ‘ए’ प्रमाणपत्र असेल तर अठरा वर्षांखालच्याला थिएटरवाला आत सोडू शकत नाही. ‘यूए’पुढचा आकडा मात्र पालकांनी विचार करावा म्हणून असतो, त्यावरून दारावर अडवणूक होत नाही. म्हणून ‘आत सोडलं म्हणजे चालत असणार’ हा हिशेब चुकीचा आहे.

लढायांत रक्त भरपूर आहे, पण तिथे गर्दी आहे, वेग आहे आणि आपला नायक जिंकतोय. बारा वर्षांची बरीच मुलं तेवढं पचवतात. संगमेश्वरला महाराज पकडले जातात आणि सगळं बदलतं. पुढे साखळदंडांनी जखडलेल्या माणसाचे हाल आहेत. नखं, डोळे, जीभ, एकामागून एक, आणि कॅमेरा चेहऱ्याजवळ. दोन तास ज्याच्या बाजूने मूल मनातल्या मनात लढलं, त्याला आता हातही हलवता येत नाही. लहान मुलाच्या मनात घर करून राहतं ते हे.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. इतिहास कळायलाच हवा, पण त्यासाठी तो पडद्यावर बघावाच लागतो असं नाही. ‘औरंगजेबाने महाराजांना पकडलं, खूप हाल केले आणि ११ मार्च १६८९ ला त्यांना मारलं, तरी ते झुकले नाहीत’ एवढं सात वर्षांच्या मुलाला सांगा. पुढचं त्याने विचारलं तर, आणि विचारलं तेवढंच.

प्रश्न : मुलगा नववीत आहे, चौदा पूर्ण. मित्रांनी ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ पाहिलाय. रोज बंदुकांचे व्हिडिओ गेम खेळतो, मग याला काय होणार, असं मला वाटतं. बायको नको म्हणते.
– एक वाचक, पुणे

उत्तर : अमेरिकेत याला ‘आर’ आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी पालकांबरोबरच बघायचा. ब्रिटनमध्ये ‘१५’ आहे. तुमचा मुलगा उंबरठ्यावर आहे, त्यामुळे आकड्यावरून निकाल लागणार नाही. आत काय आहे ते बघावं लागेल.

स्मशानभूमीतल्या छोट्या प्रसंगानंतर थेट दुसऱ्या महायुद्धातला ६ जून १९४४, अमेरिकन सैन्य उतरलं तो फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा ओमाहा किनारा, वीसेक मिनिटं. होडीची पुढची फळी खाली पडते आणि उतरायच्या आतच पहिल्या रांगा कापल्या जातात. आतडी बाहेर आलेला जवान आईला हाका मारतो. दुसरा स्वतःचा तुटलेला हात शोधून उचलतो. कॅमेऱ्याच्या शटरचा कोन नेहमीच्या १८० अंशांऐवजी ९० आणि ४५ अंशांवर ठेवला होता, म्हणजे प्रत्येक चौकट टिपताना शटर कमी वेळ उघडं राहतं. त्यामुळे हालचाल तुटक दिसते, उडालेली माती कणाकणाने दिसते आणि सगळं जुन्या युद्धवार्तापटासारखं खरं वाटतं.

तरीही आमच्या मते हा सगळ्यात अवघड भाग नव्हे. इथे मरणारे बहुतेक अनोळखी आहेत. मध्यानंतर पथकातला ‘वेड’ नावाचा वैद्यकीय जवान गोळी लागून पडतो. एव्हाना तो ओळखीचा झालेला असतो. सोबती जखमा दाबून धरतात, तो वेदना थांबवणारं मॉर्फीन मागतो, आईला हाक मारतो. शेवटच्या पाऊण तासात गावातली लढाई आहे. तिथे एका खोलीत जर्मन सैनिक सुरा अगदी सावकाश छातीत उतरवतो, समजूत काढल्यासारखं पुटपुटत. साथीदार जिन्यावरच थिजून बसलेला, बंदूक जवळ असूनही. पोरं किनाऱ्याबद्दल बढाया मारतात आणि रात्री हा जिना आठवतात.

गेमचं म्हणाल तर ती तुलना टिकत नाही. गेममध्ये सूत्रं त्याच्या हातात असतात, मेलेला लगेच नाहीसा होतो आणि डाव पुन्हा सुरू करता येतो. इथे मरणारा बोलत राहतो. त्यापेक्षा हे आठवून बघा : रस्त्यावरचा अपघात पाहिल्यावर तो कसा होता? भीतीदायक सिनेमानंतर किती रात्री दिवा लागला? घरात नुकतंच कोणी गेलंय का? शेवटच्याचं उत्तर ‘हो’ असेल तर वर्षभर थांबा, बाकी काहीही असो.

दाखवायचं ठरलं तर आधी तुम्ही दोघांनी निदान ते तीन भाग पाहा. चित्रपट १६९ मिनिटांचा आहे. रात्री जेवणानंतर लावला तर तो झोपेच्या तोंडावर संपतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी दुपारी लावा. रिमोट मुलाच्या हातात द्या, म्हणजे ‘बंद करा’ म्हणायची लाज उरत नाही. बहुतेकांचं गणित आवाजावर चुकतं. संवाद हळू येतात म्हणून आवाज वाढवला जातो आणि पुढच्याच स्फोटाला घर हादरतं. सबटायटल लावा, आवाज कमी ठेवा, टीव्हीत मोठे आवाज दबवणारा ‘नाइट मोड’ असेल तर तो चालू करा. हेडफोन नकोत.

एका ठिकाणी हात वर केलेल्या शत्रूलाही अमेरिकन जवान हसत गोळ्या घालतात. तिथे थांबवून ‘तुला काय वाटतं?’ एवढंच विचारा, व्याख्यान नको. बायकोला आधी दाखवा, कदाचित त्यांचंच बरोबर ठरेल.

प्रश्न : मुलगी अकराची. रक्त नसलेला युद्धपट सुचवाल का? ॲनिमेशन असेल तर उत्तमच.
– एक पालक, मडगाव

उत्तर : फ्रान्सच्या किनाऱ्यावर अडकलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या सुटकेचा २०१७ चा ‘डंकर्क’ बघता येईल. ब्रिटनमध्ये त्याला ‘१२ए’ आहे, म्हणजे तिथल्या थिएटरात बाराखालच्यांनी मोठ्यांसोबत बघावा. रक्त जवळजवळ नाही आणि जर्मन सैनिक तर दिसतच नाहीत म्हटलं तरी चालेल. पण बुडणाऱ्या जहाजात अडकलेली माणसं आहेत, तेलाने पेटलेलं पाणी आहे, डोक्याला मार लागून मरणारा एक मुलगा आहे, आणि घड्याळाच्या टिकटिकीचं संगीत पाठ सोडत नाही. किनाऱ्यावरचा एक आठवडा, होडीतला एक दिवस आणि विमानातला एक तास अशा तीन गोष्टी एकमेकींत गुंतवल्या आहेत. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ती गोंधळेल.

ॲनिमेशनच्या नावावर मात्र फसू नका. १९८८ चा जपानी ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ कार्टून समजून लावणारे बरेच असतात. दुसऱ्या महायुद्धात कोबे शहरावर झालेल्या बॉम्बहल्ल्यानंतर आईविना उरलेल्या भावंडांची ती उपासमार आहे, आणि लहान बहीण वाचत नाही. चित्रपट थोर आहे. अकराव्या वर्षी घाई नको.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलाने आजोबांच्या फोनवर युद्धपटातले तुकडे पाहिले. चार दिवस एकटा झोपत नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ‘ते खोटं असतं’ याने या वयात फारसं भागत नाही, कारण त्याने पाहिलेली भीती खरी आहे. त्याला जवळ झोपवा, दिवा राहू द्या. दिवसा त्याला काय दिसलं ते चित्रात काढू दे. आपणहून खोदून विचारू नका. धाडस यावं म्हणून तो तुकडा पुन्हा दाखवणं तर अजिबात नको. बहुतेक मुलं काही दिवसांत सावरतात. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप, जेवण किंवा शाळा बिघडलेली असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावरही सल्ला मिळतो.

आता फोनचं. ओटीटीवर ‘यूए १३+’ आणि त्यावरच्या मजकुरासाठी लॉकची सोय देणं २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे. पण घरोघरी मुलाच्या प्रोफाइलला वयाची मर्यादा घालतात आणि मोठ्यांचं प्रोफाइल उघडं ठेवतात. पिन मोठ्यांच्या प्रोफाइललाच हवा. यूट्यूबवरचे तुकडे या लॉकमध्ये येतच नाहीत, तिथे ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ वेगळा चालू करावा लागतो. त्यातूनही काही निसटतं. आजोबांच्या फोनमधला ‘ऑटोप्ले’ही बंद करा आणि तो का बंद केला ते त्यांना नीट सांगा, नाहीतर ते दुसऱ्या दिवशी कोणाकडून तरी पुन्हा चालू करून घेतील.