घड्याळ कोणाचे, अंतर कोणी मोजले? : आधुनिक भौतिकीची प्रश्नोत्तरे

सापेक्षता आणि पुंजभौतिकी यांच्या गृहपाठात दरवर्षी तेच गोंधळ आढळतात, म्हणून विद्यार्थ्यांच्या पत्रांतील चार प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : सोडियमचे वर्क फंक्शन (धातूतून एक इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास लागणारी किमान ऊर्जा) २.२८ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाची तीव्रता शंभर पट केल्यास इलेक्ट्रॉन बाहेर पडतील का?

उत्तर : नाही; तीव्रतेने फोटॉनांची (प्रकाशकणांची) संख्या वाढते, पण प्रत्येक फोटॉनची ऊर्जा १.९१ इलेक्ट्रॉनव्होल्टच, म्हणजे अपुरी, राहते.

प्रश्न : १०० व्होल्टने प्रवेगित इलेक्ट्रॉनची तरंगलांबी मला १२.४ नॅनोमीटर मिळाली, पुस्तकात ०.१२३ आहे.

उत्तर : पुस्तक बरोबर आहे. १२४० ला ऊर्जेने भागण्याची युक्ती केवळ फोटॉनसाठी आहे. इलेक्ट्रॉनचा आधी संवेग काढावा आणि प्लँकच्या स्थिरांकाला त्याने भागावे. ही अट गाळून छापलेली ‘झटपट सूत्रे’ पैसे देऊन विकत घेऊ नयेत.

प्रश्न : १० किलोमीटर उंचीवर निर्माण झालेल्या, ०.९८ प्रकाशवेगाच्या म्यूऑनांपैकी (अल्पायुषी मूलकणांपैकी) किती जमिनीवर पोहोचतात? सापेक्षतेनुसार आयुष्य पाचपट वाढवून आणि अंतर पाचपट घटवून मला ५४ टक्के मिळाले. क्लासमध्ये हीच रीत सांगतात.

उत्तर : सांगत असतील, तरी ती चूक आहे. एकाच परिणामाची दोनदा वसुली झाली आहे. जमिनीवरील निरीक्षकासाठी अंतर पूर्ण १० किलोमीटर आहे, प्रवासास सुमारे ३४ मायक्रोसेकंद लागतात आणि म्यूऑनचे २.२ मायक्रोसेकंदांचे सरासरी आयुष्य लांबून ११ होते. म्यूऑनच्या चौकटीत (म्यूऑनसोबत जाणाऱ्या निरीक्षकाच्या मोजणीत) मात्र आयुष्य २.२ मायक्रोसेकंदच असते. आकुंचन पावते ते वातावरण, जेमतेम २ किलोमीटरपर्यंत, आणि ते ६.८ मायक्रोसेकंदांत सरते. दोन्हीकडे प्रवासाचा काळ आणि सरासरी आयुष्य यांचे गुणोत्तर ३.१ येते, म्हणजे सुमारे ५ टक्के म्यूऑन उरतात. तुम्ही काळ जमिनीचा घेतला आणि अंतर म्यूऑनचे. सूत्राला हात लावण्यापूर्वी प्रत्येक राशीशेजारी ती कोणत्या चौकटीत मोजली आहे हे लिहावे; बहुतेक पत्रांत नेमकी हीच ओळ नसते, आणि ती नसली की पुढची बीजगणिताची दोन पाने तपासूनही दोष सापडत नाही. तुमच्या उदाहरणातील शब्दरचना वेगळी असू शकते, तेव्हा वही प्राध्यापकांना अवश्य दाखवावी.

प्रश्न : परीक्षा आठवड्यावर आली आहे. पेटीतील कणाची किमान ऊर्जा शून्य धरली तर चालते, असे मित्र म्हणतो.

उत्तर : चालत नाही. पुंजांक (ऊर्जापातळीचा क्रमांक) शून्य घेतल्यास तरंगफलन, म्हणजे कण कोठे सापडण्याची शक्यता किती हे ज्यावरून कळते ते फलन, सर्वत्र शून्य होते, म्हणजे पेटीत कणच नाही. सत्र संपेपर्यंत ही शंका मित्राकडे का ठेवली, ते कळत नाही. उद्याच शिक्षकांना भेटावे, आणि स्वतः सोडवलेली उदाहरणे सोबत न्यावीत.