प्लेटलेट रोज मोजतो, पण डेंग्यूची गोळी कुठाय?

प्रश्न : सर, आमच्या कळव्यात दर पावसाळ्यात बिल्डिंगमधलं एखादं तरी घर डेंग्यूने आडवं होतंच. यंदा माझ्या मुलाला झाला, चार दिवस अ‍ॅडमिट, सलाईन आणि पॅरासिटामॉल, बस. डॉक्टरांना म्हटलं व्हायरस मारायचं औषध द्या ना, तर म्हणाले तसं औषधच नाहीये. बॅक्टेरियासाठी ढीगभर अँटिबायोटिक्स, मग डेंग्यूवर एक गोळी का निघत नाही? – एक वाचक, कळवा

उत्तर : डॉक्टर टाळत नव्हते हो, खरंच नाहीये. मी रबाळ्याला एमआयडीसीत याच औषधांच्या धंद्यात आहे, त्यामुळे हा प्रश्न मला लोकलमध्येपण विचारतात.

बॅक्टेरिया म्हणजे स्वतःचं घर असलेला प्राणी, त्याची स्वतःची भिंत असते, आपल्या पेशींना तशी भिंत नाही, पेनिसिलिन तिथेच घाव घालतं म्हणून आपल्याला धक्का लागत नाही. व्हायरस मात्र आपल्याच स्वयंपाकघरात घुसून आपल्याच गॅसवर, आपल्याच भांड्यात त्याचा स्वयंपाक करतो. आता गॅस बंद करावा तर आपणच उपाशी! म्हणून आधी हे शोधावं लागतं की त्याने घरून स्वतःचं असं काय आणलंय.

नागीण झाल्यावर डॉक्टर देतात ते असायक्लोव्हीर घ्या. ही गोळी पोटात गेली तरी चांगल्या पेशीत जवळजवळ निपचित पडून असते, तिला जागं करायला नागिणीच्या व्हायरसचंच एक एन्झाइम (रासायनिक कामं उरकणारं प्रथिन) लागतं, म्हणजे चोरानेच स्वतःच्या हाताने सापळ्याची कळ दाबायची. मला तर हे आजवरचं सगळ्यात देखणं औषध वाटतं. हे जिच्या टीमने केलं त्या गर्ट्रूड एलियन बाईंना 1988 मध्ये नोबेल मिळालं.

फ्लूचं वेगळं. नवे तयार झालेले व्हायरस पेशीला चिकटून बसतात, त्यांना सोडवायला न्यूरामिनिडेज नावाची कात्री असते. 1983 मध्ये एक्स-रे लावून त्या कात्रीचा नेमका आकार समजला, मग तिच्या पात्यात अडकेल असा रेणू घडवत बसले आणि ऑसेल्टामिवीरला मान्यता मिळाली 1999 मध्ये. सोळा वर्षं! (हे औषध बनवायला लागणारं शिकिमिक अ‍ॅसिड बिर्याणीत टाकतो त्या चक्रीफुलातून काढायचे. पण म्हणून काही बिर्याणी खाऊन फ्लू जात नाही, ते अ‍ॅसिड म्हणजे नुसता कच्चा माल.)

आता डेंग्यू. त्याच्याकडेही स्वतःची एन्झाइम्स आहेत, पण प्रकार चार आणि औषध चारही प्रकारांवर चालायला हवं. त्यात वेळेचा घोळ मोठा. ताप उतरायला लागतो, प्लेटलेट पडतात, आपण घाबरून रिक्षा पकडतो, तेव्हा रक्तातला व्हायरस बऱ्यापैकी कमी झालेला असतो, पुढचा त्रास जास्त करून आपल्याच शरीराच्या प्रतिक्रियेचा. म्हणजे गोळी पहिल्या एक-दोन दिवसांत पोटात जायला हवी, आणि तेव्हा तर आपण साधा ताप म्हणून घरीच असतो. व्हिएतनाममध्ये बालापिरावीर नावाचं औषध ताप येऊन 48 तास व्हायच्या आत देऊन पाहिलं, तरी फरक पडला नाही. लॅबमधल्या पेशींत व्हायरस मारणं सोपं असतं, माणसात कठीण. कोविडच्या वेळी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या जुन्या औषधाचं हेच झालं.

प्रश्न : मग कोविडची गोळी एवढ्या पटकन कशी आली? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : पटकन कुठे, अर्धं काम आधीच झालेलं. 2003 च्या सार्सच्या (कोविडच्याच कुळातल्या व्हायरसच्या) साथीच्या वेळी फायझर या औषध कंपनीने त्या व्हायरसच्या प्रोटिएज नावाच्या एन्झाइमवर एक रेणू बनवला होता, साथ ओसरली आणि तो कपाटात गेला. कोविड आल्यावर बाहेर काढला, पण तो शिरेतून द्यावा लागणारा, म्हणून बदल करून तोंडावाटे चालेल असा निरमॅट्रेलवीर जुलै 2020 मध्ये पहिल्यांदा बनवला आणि डिसेंबर 2021 मध्ये अमेरिकेत आपत्कालीन परवानगी मिळाली. तरी आपलं लिव्हर त्याचा लगेच फडशा पाडायचं, म्हणून सोबत रिटोनावीर देतात, ते एचआयव्हीचं जुनं औषध, इथे काम एवढंच की लिव्हरला जरा थांबवून धरायचं. पण त्यामुळे बाकीची औषधंही रक्तात साठू शकतात, तेव्हा घरात कोणाला कोलेस्टेरॉलची वगैरे गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना आधी दाखवा.