मोबाइलवरचा लघुपट आणि महोत्सव

प्रश्न : माझ्याकडे चांगला मोबाइल आणि तीस हजार रुपये आहेत. महोत्सवांसाठी दहा मिनिटांचा लघुपट करताना कॅमेरा भाड्याने घ्यावा का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : घेऊ नये, तो पैसा ध्वनीकडे वळवावा. चित्र थोडे दाणेदार असले तरी खपून जाते, पण संवाद पंख्याच्या घरघरीत बुडाले की पाहणाऱ्याचा धीर सुटतो. कॉलर माइक व छोटा रेकॉर्डर भाड्याने आणावा, आणि प्रत्येक जागी अर्धा मिनिट तिथली शांतता मुद्रित करून ठेवावी, कारण संकलनात संवादांमधली फट तीच बुजवते. मोबाइलची फ्रेमगती (दर सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या) अनेकदा आपोआप कमीजास्त होते आणि वेगळा मुद्रित केलेला आवाज ओठांपासून हळूहळू सरकत जातो; म्हणून ती 25 वर स्थिर ठेवणारे ॲप वापरावे. शटर (प्रत्येक चित्र टिपायला लागणारा वेळ) 1/50 सेकंद ठेवल्यास आपल्याकडच्या 50 हर्ट्झ विजेवरील ट्यूबलाइटची थरथरही टळते.

मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव 1990 पासून माहितीपट, लघुपट व ॲनिमेशनपटांसाठीच भरतो. त्याची नियमावली पटकथेआधीच वाचावी. काही महोत्सवांना प्रथम प्रदर्शन हवे असते, तेव्हा लघुपट यूट्यूबवर टाकण्याची घाई नको. पार्श्वभूमीला रेडिओवरचे चित्रपटगीत वाजत असेल, तर त्याचेही हक्क लागतात (हौशी मंडळी हमखास इथेच अडकतात). प्रवेशशुल्कासाठी चार-पाच हजार बाजूला ठेवावेत.