वाचकांचे प्रश्न : झाडू मारावा की हिशेब विचारावा?

प्रश्न : प्रभू येशूच्या नावाने सलाम. सोलापुरातील आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) पंच कमिटीवर यंदा चिटणीस म्हणून माझी निवड झाली. ख्रिस्ती पुढाऱ्याने सेवक व्हावे, ही शिकवण लहानपणापासून मनावर ठसली असल्यामुळे उपासनेनंतर मी सतरंज्या गोळा करतो, खुर्च्या लावतो, झाडूही मारतो. त्याचे सर्व जण कौतुक करतात. परंतु विधवा साहाय्य निधीची यादी कशी ठरते, असे मी बैठकीत विचारले, तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “सेवा करायला आलात ना? मग सेवा करा, चौकशा कसल्या करता?” पैशांत काही गैर झाले असावे, असे मला मुळीच वाटत नाही. मात्र विड्या वळून पोट भरणाऱ्या आमच्याकडच्या तेलुगूभाषक भगिनींची नावे यादीत क्वचितच येतात. अशा वेळी गप्प राहणे हीच नम्रता समजावी काय?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : गप्प राहू नये. आपण ज्या प्रसंगात सापडला आहात, जवळजवळ तोच प्रसंग बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात आला आहे. यरुशलेमेतील मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीकभाषक यहुद्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते आणि त्यावरून कुरकुर सुरू झाली होती. प्रेषितांनी, म्हणजे प्रभूच्या बारा प्रमुख शिष्यांनी, तक्रार करणाऱ्यांना विश्वासात कमी ठरवले नाही, की ‘सध्या प्रार्थना करा, पुढे पाहू’ असे म्हणून वेळही मारून नेली नाही. त्यांनी सगळ्या मंडळीला एकत्र बोलावले, लोकांनीच आपल्यातून चांगल्या नावाचे सात जण निवडावेत असे सांगितले, आणि वाटपाचे काम त्या सातांच्या हाती दिले. स्तेफन, फिलिप्प, प्रखर यांच्यासह ती सातही नावे ग्रीक आहेत. त्यावरून असे दिसते की, ज्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या, बहुधा त्याच लोकांच्या हाती यादी गेली. माझ्या मते नम्र नेतृत्वाचा याहून स्पष्ट नमुना नव्या करारात शोधून सापडणार नाही, कारण येथे बारा जणांनी खरोखरीचा अधिकार सोडला आणि त्याबद्दल कोणावर उपकार केल्याचा आव आणला नाही.

पाय धुण्याचा प्रसंग आपल्याकडे अनेकदा अर्धाच सांगितला जातो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात प्रभूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, हे आपण सांगतो. पण पुन्हा आपल्या जागी बसल्यावर ‘तुम्ही मला गुरू व प्रभू म्हणता ते बरोबरच आहे, कारण मी तो आहे’ असे तो म्हणाला, हे सांगायचे राहून जाते. त्याने पद नाकारले नाही. शिष्य पेत्राने पाय धुऊन घ्यायला नकार दिला, तेव्हा त्याचे मन राखण्यासाठी प्रभू मागेही सरला नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात जब्दीचे मुलगे, म्हणजे दोन शिष्य, प्रभूच्या उजवी-डावीकडची आसने मागतात आणि बाकीचे दहा जण त्यांच्यावर रागावतात. तेथेही प्रभू पुढारीपणाची मनाई करत नाही, तर लोकांवर धनीपणा गाजवणाऱ्या सत्ताधीशांची रीत तुमच्यात नसावी, असे बजावतो. म्हणून खुर्च्या अवश्य लावा. पण ज्या कामाने कौतुक मिळते ते करायचे आणि ज्याने नाराजी ओढवते ते टाळायचे, असे होऊ लागले तर झाडूसुद्धा मिरवण्याची वस्तू बनतो.

हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, हा समज मंडळ्या स्थापन करणाऱ्या प्रेषित पौलानेच खोडून काढला आहे. यरुशलेमेतील गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी त्याने एकट्याच्या जबाबदारीवर नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला बंधू बरोबर घेतला, आणि एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत कोणी आपल्याला दोष देऊ नये म्हणून ही काळजी घेतल्याचे करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 8व्या अध्यायात उघड सांगितले. याद्यांची आणि पावत्यांची वही ज्येष्ठ सभासदांच्याही अब्रूचे रक्षण करते, हे त्यांना शांतपणे पटवून देता येईल.

मात्र ते पुढच्या बैठकीत करू नका. त्यांच्या घरी जा, चहा घ्या, आणि यादी आजवर कशी बनत आली ते त्यांच्याच तोंडून ऐका. बहुधा यात कोणाचा आकस नसेल. निधीची सूचना रविवारी मराठीतून एकदा वाचली जात असेल, अर्ज आठवड्यातल्या सकाळच्या प्रार्थनासभेत घेतले जात असतील, आणि नेमक्या त्याच वेळी या भगिनी वळलेल्या विड्या घेऊन कारखान्यात रांगेत उभ्या असतील. तेथे मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते. काही दिवसांआड येणारे पाणी भरण्यात आधीच एक सकाळ गेलेली असते, त्यात आणखी एक घालवणे त्यांना परवडत नाही. तेव्हा सूचना तेलुगूतूनही द्यावी, अर्ज संध्याकाळी घरी जाऊन भरून घ्यावेत, आणि वाटप समितीवर त्यांच्यातलीच एक भगिनी घ्यावी. ती केवळ दुभाषी म्हणून नको. यादीवर तिची सही असल्याशिवाय पैसे वाटले जाऊ नयेत, असा ठराव करून घ्या. हे ऐकून कोणी नाराज झालेच, तर ती नाराजी सोसणे हाही आपल्या सेवेचाच भाग आहे.

प्रश्न : मी एका रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर आहे. मंडळीत मला कोणतेही पद नाही. माझ्या हुद्द्याचा प्रभूच्या सेवेसाठी उपयोग कसा करावा?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : वॉर्डात भक्तिपर वचने लावण्याआधी ड्यूटीचा तक्ता पाहावा. रात्रपाळी सारखी त्याच नवख्या मुलींच्या वाट्याला येते काय, अवघड काम एखादीला शिकवण्याऐवजी ‘मीच पटकन करते’ असे आपण म्हणता काय, हे तपासावे. आपल्या पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावात पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना केवळ आसरा दिला नाही, तर विणकाम आणि छपाईही शिकवली. त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथील छापखान्यात मुलीबायकांच्याच हातांनी छापले गेले. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, तरी काम थांबले नाही. आपल्या वॉर्डापुरते इतके करता येईल : सुट्टीच्या वाटणीत नाताळची रजा आपल्या लोकांनी घ्यायची असेल, तर संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत इतर सहकाऱ्यांची ड्यूटी आपण होऊन मागून घ्यावी, आणि हा तक्ता सर्वांना विचारून नोव्हेंबरातच लावावा, डिसेंबर उजाडला की रजेचे अर्ज येऊन पडतात आणि मग बदल करणे कोणाच्याच हातात राहत नाही.