नर्सिंग पूर्ण होऊन 17 वर्षे झाली. आता परवाना मिळेल का?

प्रश्न : माझे नर्सिंगचे शिक्षण 17 वर्षांपूर्वी पूर्ण झाले, परंतु संसार, मुले आणि सासूबाईंचे दीर्घ आजारपण यांमुळे परवाना घ्यायचे राहून गेले. आता मी 39 वर्षांची आहे. परवान्यासाठी प्रयत्न करू का, सगळे शिक्षण पुन्हा घ्यावे लागेल का, आणि कोणता क्लास लावू? घरचे म्हणतात, त्यापेक्षा मेडिकल कोडिंग (रुग्णांच्या नोंदींतील आजार व उपचारांना ठराविक सांकेतिक क्रमांक देण्याचे काम) शीक.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपण विचारलेल्या तीन प्रश्नांपैकी क्लासचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा, कारण आपल्याला नेमकी कोणती अट लागू होते हे कळण्याआधी क्लासची फी भरणे, ही आपल्यासारख्या परिस्थितीतील उमेदवारांकडून होणारी सर्वांत महागडी घाई असते. आपण मिळवलेली पदवी किंवा पदविका कालबाह्य होत नाही. मात्र तिच्या आधारे प्रत्यक्ष रुग्णसेवा करण्याची परवानगी देणारी संस्था वेगळी असते आणि इतक्या वर्षांच्या खंडाकडे कसे पाहायचे, हे तीच ठरवते.

हे नियम देशोदेशी फार वेगळे आहेत. भारतात मान्यताप्राप्त अभ्यासक्रम उत्तीर्ण झाल्यावर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे, म्हणजे परिचर्या परिषदेकडे, नोंदणी करावी लागते. अमेरिकेत त्यासाठी एनक्लेक्स ही संगणकावरील परीक्षा द्यावी लागते, आणि तेथील काही राज्ये शिक्षणानंतर ठराविक वर्षे उलटली असल्यास उजळणी अभ्यासक्रमाची किंवा अधिक प्रशिक्षणाची अट घालतात. ब्रिटनमध्ये परदेशात शिकलेल्या परिचारिकांची लेखी चाचणीखेरीज प्रात्यक्षिक परीक्षाही घेतली जाते. म्हणून आपण जेथे काम करू इच्छिता तेथील परिषदेला आजच पत्र किंवा ईमेल लिहावा; त्यात उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, अभ्यासक्रमाचे नाव आणि पूर्वी कधी नोंदणी केली होती की नाही हे स्पष्ट नमूद करून, आपल्याला लागू होणाऱ्या अटी लेखी कळवण्याची विनंती करावी. ओळखीच्या परिचारिकेने सांगितलेला नियम तिच्या वेळी खरा असेलही, परंतु त्यावर विसंबून वर्षभराचे नियोजन करू नये. खंड मात्र लपवू नये. खंडाचे प्रामाणिक कारण सांगणाऱ्याचा मार्ग लांबतो इतकेच; माहिती दडवल्याचे पुढे उघड झाले, तर तो मार्गच बंद होऊ शकतो.

उत्तराची वाट पाहताना कागदपत्रांच्या मागे लागावे. गुणपत्रिका बहुधा घरी सापडतील, पण परिषदा अनेकदा महाविद्यालयाकडून थेट पाठवलेली ट्रान्स्क्रिप्ट (सर्व विषय व गुणांची अधिकृत नोंद) आणि कोणत्या विभागात किती तास प्रत्यक्ष काम केले याचा तपशील मागतात. जुने दप्तर शोधायला महाविद्यालयाला वेळ लागतो. एखादी संस्था बंद पडली असेल, तर विद्यापीठाकडे किंवा परीक्षा मंडळाकडे जावे लागते. लग्नानंतर नाव बदलले असल्यास त्याचाही पुरावा आधीच तयार ठेवावा.

आता अभ्यासाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपली खरी कसोटी येथे आहे. जुन्या वह्या काढून पहिल्या पानापासून पाठांतर सुरू करू नये. आपण शिकलात तेव्हा हृदय बंद पडलेल्या प्रौढ रुग्णाला आधी श्वासमार्ग मोकळा करून कृत्रिम श्वास द्यायचा, असा क्रम शिकवला जात असे. 2010 पासून छातीवर दाब देण्याला पहिले स्थान मिळाले. जंतुसंसर्गातून उद्भवणाऱ्या सेप्सिसची व्याख्या 2016 मध्ये बदलली. परीक्षेचे स्वरूपही पालटले आहे : एप्रिल 2023 पासून एनक्लेक्समध्ये एकाच रुग्णाची स्थिती टप्प्याटप्प्याने समोर ठेवून, कोणते लक्षण महत्त्वाचे, आधी काय करायचे आणि केलेल्याचा उपयोग झाला का, असे विचारले जाते. पाठ केलेली व्याख्या तेथे अपुरी पडते. म्हणून नव्या आवृत्तीचे एकच चांगले पुस्तक घ्यावे, रोज थोडे प्रश्न सोडवावेत आणि चुकलेल्या उत्तरामागील कारण स्वतःच्या शब्दांत लिहून काढावे. औषधाच्या मात्रेची आणि सलाईनच्या वेगाची गणिते मात्र रोज हाताने करावीत, कारण मोठ्या खंडानंतर आत्मविश्वास सर्वांत आधी तेथेच डळमळतो आणि सरावाने सर्वांत लवकर परतही येतो.

पुस्तकाने हात तयार होत नाहीत. प्रत्यक्ष प्रशिक्षणासह उजळणी अभ्यासक्रम उपलब्ध असेल, तर परिषदेने अट घातली नसली तरी तो करावा, असे माझे ठाम मत आहे. मात्र तो परिषदेला मान्य आहे याची आधी खात्री करून घ्यावी. परवाना नसताना एखाद्या रुग्णालयाने मदतनीस म्हणून घेतले, तर वॉर्डची सवय होण्यासाठी ते काम जरूर करावे, परंतु इंजेक्शन देण्यासारखे नोंदणीकृत परिचारिकेचे काम सांगितल्यास स्पष्ट नकार द्यावा. त्यात रुग्णाला धोका आहेच, शिवाय आपल्याला पुढे मिळू शकणारा परवानाही अडचणीत येईल.

सर्व शिक्षण पुन्हा घेण्याची वेळ प्रत्येकावर येत नाही. परिषदेने तशी अट घातलीच, तर मात्र वय, घरची जबाबदारी आणि खर्च यांचा नव्याने विचार करावा लागेल, आणि त्या स्थितीत मेडिकल कोडिंगचा पर्याय हा कमीपणा मुळीच नाही; शरीररचना आणि आजारांचे आपले ज्ञान तेथे उपयोगी पडेल. पण आपल्या पत्रात रुग्णसेवेची ओढ स्पष्ट दिसते, सासूबाईंच्या आजारपणात आपण ती घरी केलीही आहे, त्यामुळे परिषदेचे उत्तर हाती येण्यापूर्वी केवळ भीतीपोटी हा मार्ग सोडू नये. ते उत्तर आले की त्यातील अटी मला कळवाव्यात. अभ्यासाचे वेळापत्रक आणि क्लासची गरज आपण त्यावरून ठरवू.